सिनेतारकांच्या बातमीवर हसवणारा मजकूर कसा लिहावा

कट्ट्यावर पाच माणसं जमली की दहा मिनिटांत विषय नट-नट्यांवर येतो आणि कुणीतरी असं काही बोलतं की बाकीचे चौघे पोट धरून हसतात. तेच वाक्य रात्री लिहून काढलं की पडतं. कारण सरळ आहे. कट्ट्यावर सगळ्यांना बातमी माहीत असते, बोलणाऱ्याचा स्वभाव माहीत असतो, त्याचा आवाज आणि भुवया मदतीला असतात. कागदावर यातलं काहीच नसतं. जे काही आहे ते वाक्यातच बसवावं लागतं.

या लिखाणात नवखा माणूस जी पहिली चूक करतो ती म्हणजे बातमी फुगवणं. त्याला वाटतं, बातमी जितकी चमचमीत तितका विनोद मोठा. होतं उलटं. फुगवलेल्या बातमीवर वाचक विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास नसला की हसूही येत नाही. बातमी तंतोतंत खरी ठेवायची आणि ती ज्या थाटात आपल्यापर्यंत पोचवली जाते त्या थाटातली विसंगती दाखवायची. तारकेची चेष्टा करणं सोपं आहे आणि लवकर शिळं होतं. तारकेभोवती जी प्रसिद्धीची यंत्रणा चोवीस तास फिरत असते, तिच्यावरचा विनोद टिकतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कच्चा माल कधी येतो ते ओळखा

गॉसिपला वेळापत्रक असतं. गुरुवारी मालिकांच्या टीआरपीचे आकडे येतात. शुक्रवारी सिनेमे लागतात, शनिवारी सकाळपासून कमाईचे दावे सुरू होतात. शनिवार-रविवार रिअ‍ॅलिटी शोचे. 'बिग बॉस मराठी'त महेश मांजरेकर होते तेव्हा आठवड्याच्या शेवटच्या झाडाझडतीला 'चावडी' म्हणत. २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले आणि तिचा 'भाऊचा धक्का' झाला. गणपतीत कोण लालबागला दर्शनाला गेलं, कोणाच्या घरी कसली आरास, हे दहा दिवस पुरतं. थंडीत लग्नं. ऑस्करचा सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो, म्हणजे ऑफिसला निघायच्या आत मजकूर तयार हवा.

सुरुवातीला आठवड्याला एकच बातमी निवडा आणि तिच्यावर २०० ते २५० शब्द लिहा. रोज लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी बातमीऐवजी अफवा हाताशी लागते.

दुसरी पायरी: बातमी कुठून आली ते शोधा

मनोरंजनाची बातमी चार वाटांनी येते. एक, त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेली किंवा स्वतःच्या खात्यावर टाकलेली. दोन, नोंदीतली: कोर्टाचा आदेश, पोलिसांची सूचना, सेन्सॉरचं प्रमाणपत्र. तीन, प्रसिद्धी पाहणाऱ्या माणसांनी पाठवलेली. विमानतळावर, जिमबाहेर किंवा हॉटेलच्या दारात टिपलेले बरेचसे फोटो याच वाटेने येतात, कारण फोटोग्राफरना वेळ आणि जागा आधीच कळवलेली असते. चार, 'सूत्रांच्या माहितीनुसार'.

पहिल्या दोन वाटांचा माल बिनधास्त वापरा. तिसऱ्या वाटेचा माल सर्वांत कसदार, फक्त तो जाहिरात आहे हे धरूनच वापरायचा. चौथ्या वाटेचं काहीही उचलू नका, कितीही मोह झाला तरी.

दहा ठिकाणी छापून आली म्हणजे बातमी खरी, असं नाही. दहाही ठिकाणचा मजकूर शेजारी ठेवून वाचा. सगळ्यांत तीच शुद्धलेखनाची चूक किंवा तोच विचित्र शब्दप्रयोग दिसला तर ती एकच बातमी आहे, नऊ जणांनी उतरवून घेतलेली. व्हिडिओ असेल तर तारीख बघा; दोन वर्षांपूर्वीची क्लिप नव्या मथळ्याखाली फिरणं हे नेहमीचं. मुलाखतीतलं वाक्य असेल तर मूळ मुलाखत उघडा आणि त्या वाक्याच्या आधीची व नंतरची दोन-दोन मिनिटं ऐका. दोन तासांच्या पॉडकास्टमधून चाळीस सेकंद कापलेली असतात. हिंदीतलं बोलणं मराठी मथळ्यात येताना त्याचा सूर हमखास वर चढतो: 'मला जरा वाईट वाटलं' याचं 'दुःखाचा डोंगर कोसळला' होतं.

व्यक्तीने स्वतः सांगितलेलंसुद्धा एकदा तपासावं लागतं. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे हिच्या इन्स्टाग्राम खात्यावरून तिच्या मृत्यूची घोषणा झाली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कारण देऊन. दुसऱ्याच दिवशी ती व्हिडिओत जिवंत समोर आली आणि हे सगळं जनजागृतीसाठी होतं म्हणाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्रेयस तळपदेच्या मृत्यूची खोटी बातमी पसरली. आठ महिन्यांपूर्वीच त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, त्यामुळे लोकांना ती खरी वाटली. त्याला स्वतःला 'मी जिवंत आहे' असं जाहीर करावं लागलं, आणि कुणीतरी गंमत म्हणून सुरू केलेल्या गोष्टीने घरच्यांना किती त्रास होतो, तेही त्याने सांगितलं. विनोदी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मृत्यू, अपघात आणि आजारपण यांच्या बातमीवर विनोद करायचा नाही. तसली बातमी खरी की खोटी याची वाट बघत बसायचंही नाही. सोडून द्यायची.

तिसरी पायरी: मथळ्यांची भाषा शिकून घ्या

मराठी मनोरंजन-बातम्यांची एक स्वतंत्र बोली तयार झाली आहे आणि ती कळल्याशिवाय या प्रांतात विनोद जमत नाही. तिची क्रियापदं मोजकीच आहेत. कुणी 'मौन सोडलं' म्हणजे त्याला प्रश्न विचारला गेला आणि त्याने उत्तर दिलं. 'भडकली' म्हणजे 'नाही' म्हणाली. 'सणसणीत उत्तर' म्हणजे एका प्रतिक्रियेला दिलेला एका ओळीचा जबाब. 'चाहते चिंतेत' म्हणजे फोटोखाली कुणीतरी 'काय झालं?' असं विचारलं. 'नेटकऱ्यांनी धारेवर धरलं' या वाक्यातले नेटकरी कित्येकदा तीनच असतात. अवतरणातला 'तो' किंवा 'ती' दिसली, म्हणजे ''त्या' फोटोमुळे चर्चेत', की समजावं: मथळा उघडल्याशिवाय काही कळू नये एवढाच त्या अवतरणाचा हेतू.

सराव म्हणून एका दिवसाचे पाच मथळे वहीत उतरवा. प्रत्येकातलं क्रियापद काढा आणि जे खरोखर घडलं त्याचं साधं क्रियापद तिथे लिहा. '…ने अखेर मौन सोडलं' याच्या जागी '…ने चहा पिताना सांगितलं'. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की वेगळा विनोद करावाच लागत नाही. आठवडाभर हा सराव केला तर कान तयार होतो. त्यानंतर उलटा सराव करा: घरातली साधी घटना मथळ्याच्या बोलीत लिहा. 'भाजीत मीठ जास्त. सासूबाईंनी सोडलं मौन, सुनेचं 'ते' उत्तर चर्चेत.' ही कवायत लहान मुलांनाही आवडते आणि एका तासात बोली हातात बसते.

प्रसिद्धीपत्रकांची भाषा निराळी, जास्त गुळगुळीत. 'तारखा जुळल्या नाहीत' हे भूमिका गेल्याचं सभ्य रूप. 'कथेची गरज होती' कुठे येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'आम्ही फक्त चांगले मित्र आहोत' हे वाक्य लग्नपत्रिका छापायला जाईपर्यंत चालतं.

आकड्यांची भाषा मात्र हिशेब करूनच समजून घ्या. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. ३०० रुपयांच्या तिकिटातले साधारण ४६ रुपये कराचे, २५४ सिनेमाच्या गल्ल्यात. करासकट आकडा तो ग्रॉस, कर वगळून नेट. म्हणजे पोस्टरवर १०० कोटी ग्रॉस लिहिलेलं असेल तर नेट साधारण ८५ कोटीच. त्यातून थिएटरवाल्यांचा वाटा जातो, आणि मग उरलेल्यात वितरक आणि निर्माता. 'आकडा मोठा का वाटतो' हे दोन ओळींत समजावून सांगणारा विनोदी मजकूर वाचकाला हसवतो आणि शिकवतोही. असे मजकूर लोक जपून ठेवतात. पण ग्रॉस आणि नेटची गल्लत तुमच्याकडून झाली तर पहिल्या प्रतिक्रियेतच कुणीतरी पकडतो आणि बाकीचा मजकूर वाया जातो.

चौथी पायरी: बातमीतून विसंगती काढा

इथे एक खरी बातमी घेऊ. १२ जुलै २०२४ रोजी अनंत अंबानी आणि राधिका मर्चंट यांचं लग्न वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं. मुंबई वाहतूक पोलिसांनी ५ जुलै आणि १२ ते १५ जुलै या दिवसांसाठी तिथले रस्ते वळवल्याची सूचना काढली. त्या सूचनेत लग्नाचा उल्लेख 'सार्वजनिक कार्यक्रम' असा होता.

आधी बातमी पंधराच्या आसपास शब्दांत लिहा, एकही भडक विशेषण न वापरता: 'एका खासगी लग्नासाठी बीकेसीतले रस्ते वळवले, पोलिसांच्या सूचनेत त्याला सार्वजनिक कार्यक्रम म्हटलं होतं.' हे वाक्य जमलं नाही तर बातमी तुम्हाला अजून कळलेली नाही, थांबा.

मग त्यातले शब्द सुटे करा: लग्न, रस्ता, पोलीस, सूचना, सार्वजनिक, निमंत्रण, ट्रॅफिक, रिक्षा, आहेर. यातल्या शेवटच्या चार गोष्टी बातमीत नाहीत, पण लग्न आणि रस्ता म्हटलं की मराठी वाचकाच्या डोक्यात त्या आपोआप येतात. आता प्रत्येक दोन शब्दांमध्ये भांडण लावून बघा. 'सार्वजनिक' आणि 'निमंत्रण' यांचं भांडण लगेच जुंपतं: कार्यक्रम सार्वजनिक, मग बोलावणं का नाही? विसंगती सापडली. ती पोलिसांच्या शब्दात आहे आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये आहे. नवरा-नवरीला हातही लावायची गरज पडलेली नाही.

नवखा माणूस या बातमीवर लिहायला बसला की नवऱ्या मुलाच्या वजनावर जातो. हे लिखाण हीन आहे, आणि त्यात कसबही लागत नाही; हजार माणसांनी तोच विनोद त्याच दिवशी केलेला असतो. वजन, रंग, उंची, बोलण्यातला दोष, गरिबी, शिक्षण, घटस्फोट आणि मुलं हे विषय यादीतून कायमचे खोडून टाका. गोऱ्या-काळ्या रंगावरचे विनोद आपल्याकडे घराघरांत चालतात म्हणून ते लिखाणात चालतील असं नाही. 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व जिंकणारा सूरज चव्हाण इथे उदाहरण म्हणून चांगला आहे. त्याचं 'झापुक झुपूक' हे पालुपद म्हणजे त्यानेच लोकांसमोर ठेवलेलं नाणं, त्यावर खुशाल खेळावं. त्याची परिस्थिती आणि त्याचं शिक्षण त्याने विनोदासाठी मांडलेलं नाही, त्याला हात लावू नये. माणसाने प्रसिद्धीसाठी स्वतः पुढे केलेलं आणि त्याच्या वाट्याला आलेलं, यांच्यामधली रेघ रोज ओढावी लागते.

२०१८ च्या फेब्रुवारीत दुबईत श्रीदेवीचं निधन झालं तेव्हा काही वृत्तवाहिन्यांनी पडद्यावर बाथटब मांडून 'नेमकं काय घडलं' हे दाखवलं. त्या दिवसांत लिहिण्यासारखं काही असेल तर ते त्या वाहिन्यांच्या वागण्याबद्दल होतं, आणि तेही हसू न आणता.

पाचवी पायरी: आपल्याच भाषेतला साचा निवडा

विसंगती सापडल्यावर ती कुठल्या साच्यात ओतायची ते ठरवा. परदेशी कार्यक्रमांतली एकपात्री मांडणी मराठीत आणली की उसनी वाटते. आपल्याकडे तयार साचे भरपूर आहेत.

बतावणी सर्वांत उपयोगी. तमाशात गण आणि गवळणीनंतर बतावणी येते, मग वग. सरदार सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या भलतंच उत्तर देतो आणि बोलता बोलता गावातल्या ताज्या घडामोडींवर टोला मारतो. वरची बातमी या साच्यात अशी बसते:

सरदार: काय रे, रस्ता का बंद?
सोंगाड्या: सार्वजनिक कार्यक्रम आहे.
सरदार: मग तुला आमंत्रण आलं असेल.
सोंगाड्या: आलं की! पोलिसांकडून आलं. 'दुसऱ्या रस्त्याने जा' म्हणून.

चार ओळी, एकच टोला, तोही शेवटच्या ओळीच्या शेवटी. सरदाराच्या तोंडी कधीही विनोद घालू नका. दोघेही विनोदी झाले की बतावणी मोडते. रीलसाठी हाच साचा ३० ते ४० सेकंदांत बसतो.

उखाणा दोन ओळींचा, म्हणून सोपा वाटतो आणि तिथेच फसतो. पहिल्या ओळीत चित्र, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला नाव, आणि यमकाच्या शब्दावर गंमत पडली पाहिजे. विमानतळावरच्या फोटोंसाठी:

पहाटे तीनचं विमान, तरी मेकअप अगदी फाईन,
…रावांचं नाव घेते, आधी लागू दे कॅमेऱ्यांची लाईन.

इथे 'लाईन' हा शब्द सगळा भार उचलतो. यमकासाठी ओढूनताणून शब्द आणला तर उखाणा टाकून द्या, दुरुस्त करत बसू नका.

सोसायटीची सूचना, लग्नपत्रिका, राशिभविष्य, 'हरवले आहेत'ची जाहिरात, ग्रामपंचायतीचा ठराव हे सगळे साचे चालतात. या साच्यांची ताकद त्यांच्या जड भाषेत आहे, म्हणून ती जशीच्या तशी ठेवायची: 'सदर जोडप्याने "आम्ही फक्त चांगले मित्र आहोत" हे निवेदन सलग तिसऱ्या वर्षी नूतनीकरण करून सादर केले आहे.' 'नूतनीकरण' हा परवान्याच्या दुनियेतला शब्द प्रेमाच्या बातमीत आला म्हणून हसू येतं. त्याच वाक्यात बोलीभाषेतला शब्द घुसवलात तर परिणाम निम्म्यावर येतो.

सदर लिहायचं असेल तर एक पात्र ठरवा आणि ते निदान सहा महिने बदलू नका. मुंबईत १९७१ साली सुरू झालेल्या 'स्टारडस्ट' या सिनेमासिकातलं 'नीताज नॅटर' हे सदर नीता नावाच्या एका काल्पनिक बाईच्या तोंडून, इंग्रजीत हिंदी मिसळून चालायचं. वाचक बातमीइतकेच त्या आवाजासाठी ते उघडायचे. त्याच्याही आधी, १९३५ साली निघालेल्या 'फिल्मइंडिया' या मासिकात त्याचे संपादक बाबूराव पटेल वाचकांच्या प्रश्नांना छोटी, झणझणीत उत्तरं द्यायचे आणि तो विभाग लोक आवर्जून वाचायचे. तुमचं पात्र सोसायटीच्या काकू असतील तर त्या प्रत्येक गोष्ट कशात मोजतात ते पक्कं करा. समजा, भाजीच्या भावात. मग नायिकेच्या पर्सची किंमत त्या लाखांत सांगणार नाहीत, 'आमच्या घरची अकरा वर्षांची भाजी' असं सांगतील. आणि हा हिशेब खरा जमला पाहिजे. वाचक तो करून बघतात.

पात्राला बोली द्यायची असेल तर जी घरात बोलता तीच द्या. मालवणी किंवा वऱ्हाडी ऐकीव असेल तर दुसऱ्या ओळीतच कळतं, आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांना आपली टिंगल होतेय असं वाटतं.

सहावी पायरी: वाक्य बांधा

मराठीत विनोद लिहिणाऱ्याची मोठी अडचण म्हणजे क्रियापद. ते वाक्याच्या शेवटी येतं आणि गंमत जिथे संपायला हवी तिथे 'केले होते', 'म्हणाला', 'दिसत आहे' असलं काहीतरी येऊन बसतं. हसू फुटायच्या आत वाक्य रेंगाळतं.

कच्चं वाक्य: 'मी अगदी साधा माणूस आहे असं हिरो चार बॉडीगार्डच्या घोळक्यात उभा राहून सर्वांना सांगत होता.'

पक्कं वाक्य: ''मी अगदी साधा माणूस,' हिरो म्हणाला. ऐकायला सगळ्यात जवळ होते चार बॉडीगार्ड.'

माहिती तीच. फक्त 'चार बॉडीगार्ड' शेवटी गेले आणि क्रियापद मधे आलं. तसंच 'लग्नाच्या पंगतीत शंभर पदार्थ होते पण साधा वरणभात कुठेच ठेवलेला नव्हता' याचं 'पंगतीत पदार्थ शंभर. नव्हता तो एकच, वरणभात.' क्रियापद पुढे ओढा, गाळता आलं तर गाळा, वाक्य तोडा. पण प्रत्येक वाक्याला हे केलं तर मजकुराला उचक्या लागल्यासारखं होतं. जिथे टोला आहे तिथेच करा, बाकीची वाक्यं नेहमीच्या चालीने जाऊ द्या.

टोल्यानंतर एकही शब्द नको. 'म्हणजे बघा', 'काय म्हणावं आता', 'असो' हे शब्द लिहिणाऱ्याला धीर देतात, वाचकाला काही देत नाहीत. हसणारे चेहरे आणि तीन-तीन उद्गारचिन्हंही काढा. २०० शब्दांच्या मजकुरात तीन चांगले टोले पुरे, आणि सर्वांत चांगला शेवटी. दुसरा चांगला पहिल्या तीन ओळींत हवा, नाहीतर वाचक शेवटापर्यंत येतच नाही.

पार्श्वभूमी एका वाक्यात द्या. तुमच्या वाचकांत त्या नटीचं नावही न ऐकलेला माणूस असतोच. त्याला 'गेल्या वर्षी पोलिसांची भूमिका करणारी' एवढं पुरतं. तीन वाक्यं लागत असतील तर बातमी चुकीची निवडली आहे.

सातवी पायरी: कायद्याची बाजू बघा

१ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा त्याहून वेगळा. नवख्यांना वाटतं, नाव न घेता 'के अक्षरावरून सुरू होणारा, बांद्र्यात राहणारा, नुकताच बाप झालेला' असं लिहिलं की सुटलो. सुटत नाही. वर्णनावरून माणूस ओळखू येत असेल तर ते नाव घेतल्यासारखंच. शेवटी प्रश्नचिन्ह टाकूनही आरोप हा आरोपच राहतो.

याच कलमात अपवाद आहेत आणि ते या लिखाणाच्या कामाचे आहेत. लोकांसमोर ठेवलेल्या कलाकृतीच्या किंवा सादरीकरणाच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणं हा त्यातला एक. नाच, अभिनय, ट्रेलर, मुलाखतीतलं जाहीर विधान यांच्यावर हवं तेवढं लिहा. कुणाचं कुणाशी काय चाललंय यावर लिहायला गेलात की अपवादाची भिंत मागे राहते.

फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या नटाचा नव्हे. फोटोग्राफरचं नाव खाली लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. सुरुवातीला फोटोशिवाय लिहा किंवा स्वतः चित्र काढा. सिनेमाचा तुकडा समीक्षेसाठी वापरायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाव देतं, पण तुकडा छोटा हवा आणि त्यावर खरोखरच काही म्हटलेलं हवं. पाठीमागे गाणं वाजत ठेवलं तर व्हिडिओ आपोआप अडवला जाऊ शकतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने नटाचा आवाज किंवा चेहरा बनवू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने नाव, आवाज, छबी यांच्या वापराविरुद्ध अंतरिम आदेश दिले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाला असंच संरक्षण दिलं. मे २०२४ च्या जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने एका यूट्यूबरच्या गमतीच्या संकलनावर लगेच बंदी घातली नाही, त्याला सर्जनशील अभिव्यक्ती मानलं. नटाचा आवाज विकणं आणि नटावर विनोद करणं यांत न्यायालयं फरक करतात. आपण दुसऱ्या बाजूला आहोत हे मजकुरावरून स्पष्ट दिसायला हवं.

कल्पित संवाद किंवा सूचना असेल तर 'विडंबन' हा शब्द चित्राच्या आतच, मोठ्या अक्षरात लिहा. खाली वर्णनात लिहिलेला शब्द स्क्रीनशॉटमध्ये कापला जातो आणि दोन दिवसांत तुमचं विडंबन कुणाच्या तरी कुटुंबाच्या ग्रुपवर खरी बातमी म्हणून फिरतं. आणि कुठल्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी पैसे, तिकिटं किंवा भेटवस्तू घेऊन लिहिलं असेल तर तेही वरच लिहा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचे २०२१ चे नियम तेच सांगतात.

आठवी पायरी: टाकण्यापूर्वी आणि टाकल्यावर

मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य लांब आहे. मग अशा एका माणसाला वाचायला द्या ज्याला सिनेमाचं वेड नाही. तो कुठे हसला ते बघा, काय म्हणाला त्याकडे लक्ष देऊ नका. टाकायच्या क्षणी बातमी पुन्हा एकदा उघडा. दुपारी गमतीची असलेली बातमी संध्याकाळी रुग्णालयात पोचलेली असू शकते. तसं झालं असेल तर मजकूर रद्द, कितीही चांगला जमलेला असो. ताज्या बातमीवरचा मजकूर २४ तासांच्या आत गेला तर चालतो. नंतर टाकायचा तर त्यात बातमीपेक्षा वेगळं काही सांगितलेलं हवं.

चाहत्यांच्या झुंडी येतील. शिव्यांना उत्तर देऊ नका, पण चूक दाखवणाऱ्याला त्याच तासात उत्तर द्या. तुमच्या मजकुराखाली दुसऱ्या कुणी एखाद्या नटीबद्दल घाणेरडं लिहिलं असेल तर ते काढून टाका; ती जागा तुमची आहे. चूक निघाली तर मजकूर गुपचूप बदलू नका. वरच्या ओळीत तारीख, वेळ आणि काय चुकलं होतं ते लिहा: 'दुरुस्ती, सायंकाळी ६.४०: ग्रॉसचा आकडा नेट म्हणून दिला होता. नेट ८४.७ कोटी.' खाली उरलेला विनोद नव्या आकड्याने चालत नसेल तर तेवढं वाक्य खोडलेलं दिसेल असं ठेवा.